भास्करदादांचं वाक्य

३ एप्रिल १९९५, सोमवार. जळगाव

यशवंत दिल्लीहून आला. डोळे लाल, पण खुशीत. सात देशांचा मसुदा जवळजवळ तयार झाला म्हणे.

चीन मोठा होतो आहे. प्रत्येकाला वेगळं गाठतो, प्रत्येकाच्या हातावर वेगळं काही ठेवतो. तेव्हा आपण लहानांनी आधी आपसात बोलायचं आणि मग त्याच्याशी. एवढंच. पण या एवढ्याशासाठी ही प्राध्यापक आणि निवृत्त राजदूत मंडळी दोन वर्षं भेटताहेत. सरकारं त्यांचं ऐकतील का? "ऐकतील," यशवंत म्हणतो. "या वेळी सगळेच थोडे घाबरलेत."

भारताला 'आपण लहान' म्हणताना त्याला काही वाटत नाही. मला वाटतं.

चहा घेताना विचारलं, "आणि दादांचं वाक्य?"

"आहे, आहे." आणि टॉवेल घेऊन आंघोळीला.

दोनदा 'आहे' म्हणाला. पंचवीस वर्षांच्या संसारात हे मला कळतं.

८ एप्रिल, शनिवार

असोद्याहून इंदूवहिनी आल्या. रिक्षातून केळीच्या फण्या उतरवल्या, रिक्षावाल्याशी भांडल्या, पाणी प्यायल्या, मगच पंख्याखाली बसल्या. कुंकू नेहमीसारखं मोठं. घामाने थोडं ओघळलेलं.

"काय व नलू, आला का माह्या दीर? काय म्हने दिल्ली?"

भास्करदादा, यशवंतचे थोरले भाऊ, लग्नानंतर आठ महिन्यांनी पलटणीबरोबर ईशान्येकडे गेले. बासष्टच्या त्या हिवाळ्यात. मेलेल्यांत नाव नाही, परत आलेल्या कैद्यांत नाव नाही. काही वर्षांनी सरकारने त्यांना मृत समजलं. वहिनींनी समजलं नाही. केळी लावली, दिराला शिकवलं, विहिरीवर मोटार बसवली, आणि रोज सकाळी आरशासमोर कुंकू लावलं.

मसुद्यात एक वाक्य आहे : बेपत्ता सैनिकांची माहिती सर्व देशांनी मिळून चीनकडे मागावी. यशवंतने ते घातलं आणि दिवाळीत वहिनींना वाचून दाखवलं. तेव्हापासून त्या वाक्यावर जगताहेत असं म्हटलं तर नाटकी होईल. पण तसंच आहे.

"एकट्या दिल्लीनं इचारलं तं कोनी ऐकलं नही. आता सात जन इचारतीन. सात जनाले नही म्हनायची छाती पाहिजे."

गल्लीतल्या एका बाईने यंदाही चैत्राच्या हळदीकुंकवाला बोलावलं नाही. वहिनी तिच्या दारात जाऊन सांगून आल्या, "थांब थोडी. सात देश मिळून मले आवतन देनार हायेत."

हसले. हसू पूर्ण झालं नाही. यशवंत आतल्या खोलीतून बाहेरच आला नाही. डोकं दुखतंय म्हणाला.

१२ एप्रिल, बुधवार

वाक्य नाही.

मीच मसुदा मागून घेतला. दोनदा वाचला. मग त्याच्यासमोर ठेवला.

"कधी काढलंत?"

"शेवटच्या दिवशी. दोन देशांची हरकत होती. त्यांचं म्हणणं, असली वाक्यं ठेवली की चीन म्हणणार, हे माझ्याशी बोलायला नाही, भांडायला जमलेत. आणि एकेकाला बाजूला घेणार."

"आणि तू?"

"नियम माझाच होता, नलू."

हे खरं. माझे सासरे, आबा, गावात पाण्याच्या पाळ्यांचे तंटे मिटवायला बसत. बैठकीआधी प्रत्येक भाऊबंदाने आपलं एक भांडण मोठ्याने सांगायचं आणि चपलेसोबत बाहेर ठेवायचं. मग आत यायचं आणि फक्त पाण्याबद्दल बोलायचं. यशवंतने ही गोष्ट दिल्लीत सांगितली. सगळ्यांना फार आवडली. गटाचे अध्यक्ष, एक निवृत्त राजदूत, त्याला 'असोदा नियम' म्हणतात. कुणी बेटं बाहेर ठेवली, कुणी नदीचं पाणी. भारताची पाळी आली तेव्हा सीमा बाहेर ठेवून पुरलं नाही. हेही ठेवा म्हणाले.

"तुझ्या जागी कुणीही असता तर…" मी म्हणाले.

"माझ्या जागी कुणीही नव्हता. मीच होतो."

पत्र्यावर खारी धावत होत्या.

वहिनींना सांगायला त्याची हिंमत नाही. "तू सांग ना. तुला शब्द सापडतात." लेखिका असण्याचा घरात एवढाच उपयोग.

१६ एप्रिल, रविवार. धुळे

दोन दिवस माहेरी. एस.टी.त पारोळ्यापर्यंत उभी.

नानांना सगळं सांगितलं. वडील आता थकलेत, पण शाळामास्तरकी गेली नाही. पायरीवर बसून ऐकत होते, मध्येच पंखा हलवायचे.

"यशवंतचं चुकलं असं मला वाटतं," मी म्हणाले.

"का बरं? सात जनस्ले एक करनं म्हंजे काय खेळ शे? एकेकनी एकेक गोट सोडी. त्यानी बी सोडी."

"पण नाना, ती त्याची नव्हती सोडायला. वहिनींची होती."

नाना थांबले. मग, "हाई खरं शे." थोड्या वेळाने, "पन तुना नवरा जे करना ते बैठकमा, सगळास्ना तोंडवर करना. तू काय करी राहिनी? त्या बाईले इतला दिन व्हई ग्यात, हासत हासत फसाडी राहिनी."

मला राग आला. मी जेवायला बसले नाही. मग बसले. आई नसलेल्या घरात रुसून काही उपयोग नसतो.

रात्री लिहायचा प्रयत्न केला. 'एका देशाचं दुःख दुसऱ्याच्या' एवढंच. पुढे काही नाही. कथा लिहिताना मी किती सहज माणसं मारते.

२१ एप्रिल, शुक्रवार. जळगाव

मिसेस लान आल्या. व्हिएतनामच्या. मसुद्याची शेवटची भाषा यशवंतबरोबर ठरवायला. जाता जाता अजिंठाही बघणार. माझ्याएवढ्याच. बारीक अंगाच्या, पाठ एकदम ताठ. इंग्रजी सावकाश बोलतात, माझ्यासारखंच, त्यामुळे आमचं जमलं.

उन्हाने लोक रस्त्यावर नाहीत. त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही ऊन असतं, पण ओलं. हे कोरडं ऊन माणसाला खरं बोलायला लावेल."

मला उगाच दचकल्यासारखं झालं.

वहिनींना कसं कळलं कोण जाणे. निरोप आला : पाहुणीला उद्या जेवायला असोद्याला आणा. सात देशांतला एक तरी डोळ्यांनी पाहू द्या.

यशवंत म्हणाला, नको. मी म्हणाले, नाही म्हणून काय सांगणार?

२२ एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

वहिनींनी शेवभाजी आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी केलेली. मिसेस लान घाम पुसत, नाक ओढत, सगळं संपवत होत्या. मग परसात केळफूल पडलेलं दिसलं तर उठल्या, विळी मागितली, ते कच्चंच केसासारखं बारीक चिरलं, लिंबू पिळलं, मीठ, दाण्याचा कूट.

"बाप्पा! कच्चं खाते ही?" वहिनी. मग चाखलं. मग पुन्हा घेतलं. "इतकी वरसं गुरापुढं टाकत होतो आम्ही."

हसणं झालं. यशवंतही हसला, किती दिवसांनी. आणि तेवढ्यात वहिनींनी मला सांगितलं, "तिले इचार, तिचं कोन गेलं?"

मी इंग्रजीत विचारलं. विचारताना आवाज खाली गेला.

धाकटा भाऊ. एकोणऐंशीच्या चीनशी झालेल्या लढाईत, उत्तरेच्या डोंगरात. तोही सापडला नाही. आई अजून त्याचा भात वाढते.

मी सांगितलं. वहिनींनी ओल्या हाताने तिचा हात धरला. "तिले म्हना, आता काळजी नको करू. आपल्या दोघीयचं एकाच वाक्यात लिहेल हाये."

मला भाषांतर करावं लागलं. मी केलं. शब्द न् शब्द.

मिसेस लाननी यशवंतकडे पाहिलं. तो ताटाकडे पाहत होता. वहिनींना कुणी सांगितलेलं नाही, हे त्यांना कळलं. वाक्य गेलेलं त्यांना माहीत होतंच, त्याही त्या खोलीत होत्या. त्या वहिनींना म्हणाल्या, "तुमचं केळफूल फार छान होतं." मी तेही भाषांतर केलं.

वहिनी वेड्या नाहीत. आम्हाला वेशीपर्यंत सोडायला आल्या त्या एक शब्द न बोलता.

२३ एप्रिल, रविवार

मिसेस लानना स्टेशनवर सोडलं. फलाटावर मी विचारलं, तुम्ही तेव्हा हरकत का नाही घेतलीत?

"मी माझ्या देशाची म्हणून बसले होते. बहीण म्हणून नव्हे." मग, "तुमच्या नवऱ्यानेही तेच केलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही."

गाडी सुटताना खिडकीतून म्हणाल्या, "तिला सांगा. माझ्या आईला मी सांगितलेलं नाही. पण तुम्ही सांगा."

२७ एप्रिल, गुरुवार

सांगितलं.

यशवंतही असोद्याला आला होता. मी म्हटलं होतं, शब्द माझे, पण तोंड तू दाखव. तो ओट्यावर उभा राहिला, चपला न काढता.

वहिनी ठिबकच्या नळ्या गुंडाळत होत्या. ऐकत राहिल्या. नळी गुंडाळणं थांबलं नाही.

"कोनाच्या म्हनन्यावरून काढलं?"

"सगळ्यांच्या, वहिनी," यशवंत म्हणाला. "नियमच तसा होता. आबांचाच. भांडण बाहेर ठेवायचं, आत पाण्याचं बोलायचं."

आता त्यांनी नळी टाकली.

"आबांचा? आबांचा नियम तू मले सांगतं? त्या बैठकीले चहा कोन करे? भांडन बाहेर ठेवलं की आबा त्याले वार देत. अमक्याचं भांडन, सोमवार. तमक्याचं, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. वार दिल्याबिगर कोनी चप्पल काढे का? तू दादाले कोनता वार दिला?"

यशवंतने माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. ठाऊक होतं आणि तो विसरला होता. बैठका त्याने अंगणात खेळता खेळता पाहिल्या होत्या. त्याला चपलांची रांग आठवली, पुढचं नाही. अर्धा नियम घेऊन दिल्लीला गेला आणि सात देशांना दिला.

"सांगायले आला, शहान्या बायकोले घेऊन," वहिनी मला नाही, त्याला म्हणाल्या. "इतके दिवस मले गावात नाचू दिलं."

ते मात्र मला होतं.

बसस्टॉपवर यशवंत म्हणाला, "वार मागतो. तीन तारखेपासून बैठक आहे. नाही दिला तर सही करत नाही."

"तू सही केली नाहीस तर?"

"तर सात राहत नाहीत. आणि सहा उरले की पाच व्हायला वेळ लागत नाही."

दोन वर्षांचं काम. मी त्याला 'कर' म्हणाले नाही. 'नको'ही नाही.

२ मे, मंगळवार. आखाजी. असोदा

यशवंत काल दिल्लीला गेला. मी सणाला इथे. गल्लीत झोके बांधलेत, माहेरवाशिणींचा नुसता कल्ला. वहिनी माझ्याशी बोलतात, पण कामापुरतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. आमच्याकडे आबांची आणि सासूबाईंची. भास्करदादांची कधीच भरली नाही.

चुलतसासरे तात्या सकाळीच नवी घागर घेऊन आले. कुणाला न विचारता पाटावर ठेवली. "इंदू, आता पुरे. मी बी म्हतारा झालो. पोराले पानी तं मिळू दे. तहानलेला असीन तो."

जमलेल्या बायका वहिनींकडे बघू लागल्या. मला वाटलं, आता फोडतात ही घागर.

वहिनींनी ती उचलली. बोटाने टिचकी मारून पाहिली. "माठ चांगला हाये तात्या. मळ्यात पिन्याच्या पान्याले ठेवते." आणि आत घेऊन गेल्या. बायका पदराआड हसल्या, तात्या चिडून निघून गेले.

मी मागोमाग गेले. वहिनी घागर पोटाशी धरून कोनाड्याजवळ उभ्या होत्या. मला बघून लगेच खाली ठेवली. पण मी पाहिलं. ती घागर त्यांनी नको असलेल्या वस्तूसारखी धरली नव्हती.

इतकी वर्षं मी धरून चालले की त्यांना उत्तर हवं आहे. कधी विचारलं का मी?

४ मे, गुरुवार. जळगाव

वहिनी आज माझ्याकडे आल्या, आपणहून. बैठकीचं काय झालं ते ऐकायला. दुपारी फोन आला. खरखर होती, यशवंत ओरडून बोलत होता.

वार मिळाला!

मिसेस लाननी सुरुवात केली म्हणे. सही करण्याआधी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, असोदा नियम अर्धाच सांगितला गेला आहे. मग यशवंतने बाकीचा सांगितला. दिवसभर वाद. शेवटी ठरलं : मसुद्यात वाक्य नाही, पण वेगळी विनंती, सातही देशांची, याच वर्षी, नावांसकट. हरकत घेणारे दोन देशही तयार झाले. पण त्यांची एक अट.

"वहिनींना दे," तो म्हणाला.

मी फोन दिला आणि जवळ उभी राहिले. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"वहिनी, अट अशी आहे. ज्यांची नावं द्यायची, त्यांच्या घरच्यांनी आधी कबूल करायचं की जे उत्तर येईल ते शेवटचं. 'गेले' असं आलं तर गेले. पुन्हा विचारायचं नाही. सरकारनेही नाही, घरानेही नाही. दादांचं नाव देऊ का?"

वहिनींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वहिनी? ऐकू येतंय का? उद्या सकाळी सह्या आहेत. लानबाईंनी भावाचं नाव दिलं. आईला विचारून दिलं, रात्री फोन करून. तुम्ही हो म्हणा फक्त."

कुंकवाखाली कपाळाची शीर उडत होती. सात देशांना दारात उभं करून ठेवणारी बाई, आणि तिला 'हो' म्हणता येत नव्हतं.

"यशवंत," त्या म्हणाल्या. भाऊ नाही, दीर नाही, नुसतं नाव. "त्यायले सांग, उद्या सांगते."

"अहो वहिनी, सगळे थांबलेत…"

"थांबू दे. मी थांबली नही का?"

फोन ठेवला. नीट बसला नव्हता, मी जाऊन सारखा केला.

संध्याकाळी दोघींनी मिळून भाजी निवडली. दादांबद्दल पहिल्यांदाच काही बोलल्या. "तुले खरं सांगू? चेहरा नही आठवत. मान आठवते. पुढं पुढं चालत ना ते, मी मागं. मान दिसे."

मी विचारलं, "मग उद्या?"

"मेथी बारीक चिरू नको. कडू होते."

५ मे, शुक्रवार

सकाळी उठले तर वहिनी नाहीत. अंथरूण घडी केलेलं. शेजारच्या काकूंना सांगून गेल्या, मळ्यात पाणी सोडायचंय. पहिल्या बसने.

दहाला फोन येणार. त्यांच्या वतीने मी काय सांगणार? क्षणभर वाटलं, हो सांगून टाकावं. त्यांची सुटका होईल. मग वाटलं, हेच तर यशवंतने केलं. हेच त्या दोन देशांनी, सगळ्यांनीच. दुसऱ्याचं ओझं हलकं करायला आपण किती तयार असतो.

रिक्षा केली, असोदा गाठलं. वहिनी मळ्यात, सऱ्यांमध्ये, पाय चिखलात. मला पाहून आश्चर्य वाटलं नाही त्यांना.

"तूच सांग ना व. तू लिहिते, तुले जमतं."

"नाही वहिनी. तुमचं मी नाही सांगणार."

"नही आली मी, तं?"

"तर फोन वाजेल. कोणी उचलणार नाही. ते सही करतील, दादांच्या नावाशिवाय."

बराच वेळ केळीची वाळलेली पानं ओढून काढत राहिल्या. एक झाड, दुसरं, तिसरं. मी बांधावर उभी. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"त्या बाईच्या मायनं हो म्हटलं?"

"म्हटलं."

"रडली का ती?"

"ते यशवंतने सांगितलं नाही."

"पुरुष. महत्त्वाचं तेवढं इचारत नही." आणि बांधावर चढल्या. पाय धुतले नाहीत. तशाच रिक्षात बसल्या. मध्ये नाल्याजवळ रिक्षा बंद पडली, सुरू झाली.

घरी आलो. आल्या आल्या फोनशी खुर्ची ओढून बसल्या आहेत. चिखल वाळून फरशीवर पडतो आहे. मी स्वयंपाकघरात, ओट्यावर वही ठेवून हे लिहिते आहे. इथून त्यांची पाठ दिसते आणि हात, मांडीवर, एकमेकांत घट्ट.

काय सांगणार ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. दहाला पाच कमी.